शेवटच्या वायरीच्या मागे चला: इमारतीतले आगीचे अडथळे कसे तपासायचे

मिरजेतल्या एका हॉस्पिटलात तिसऱ्या मजल्यावर, आयसीयूच्या तोंडाशी, चांगलं भक्कम फायर डोअर बसवलेलं होतं. दार आपोआप ओढून घेणारा क्लोजर नीट ओढत होता, लॅच खटकन बसत होती, काचेच्या कोपऱ्यात रेटिंगचा, म्हणजे आगीत किती वेळ टिकेल ते सांगणारा, शिक्का होता. मी शिडी लावली, दाराच्या वरची फॉल सीलिंगची एक टाइल उचलली आणि बॅटरी मारली. दारापासून दीड फूट वर भिंतीत जेवणाच्या ताटाएवढं भोक होतं. त्यातून गेलेली वायर एकच, निळी, करंगळीपेक्षा बारीक. पलीकडे सिस्टर कुणाला तरी सलाईन बदलायला सांगत होत्या, तो शब्दन्‌शब्द मला शिडीवर ऐकू आला. जिथून बोलणं येतं तिथून धूरही येतो.

सांगली-मिरज-कुपवाड पट्ट्यात इमारतींच्या देखभालीचं आणि आगीच्या तपासणीचं काम करताना हेच चित्र मी पुन्हापुन्हा पाहिलं आहे. गवंड्याने भिंत चांगलीच बांधलेली असते. ती बिघडते नंतर आलेल्या ड्रिल मशीनमुळे. म्हणून या कामात नव्याने उतरणाऱ्यांच्या हाती मी एकच धागा देतो, मग ते डिप्लोमा करून आलेले सुपरवायझर असोत, हॉस्पिटलचे मेंटेनन्सवाले असोत की अपार्टमेंटचे सेक्रेटरी: इमारतीत सगळ्यात शेवटी आलेली वायर किंवा पाइप शोधा आणि तिच्या मागोमाग चालत जा.

आधी समजून घ्या, आपण काय तपासतोय

सिलिंडर, होज रील, स्प्रिंकलर, अलार्म ही साधनं आग लागल्यावर कामाला लागतात. त्यांना पाणी, वीज किंवा माणूस लागतो. भिंत, स्लॅब, जिन्याचं दार, शाफ्टचं (वायरी-पाइप मजल्यांतून वर नेणाऱ्या उभ्या पोकळीचं) झाकण, डक्टमधला डॅम्पर (आगीत आपोआप बंद होणारी झडप) आणि भोकात भरलेला मसाला यांचं काम वेगळं. आग जिथे लागली तिथेच तिला आणि तिच्या धुराला कोंडून ठेवायचं, म्हणजे बाकीच्या मजल्यांवरच्या लोकांना बाहेर पडायला वेळ मिळतो. हॉस्पिटलात तर रुग्णाला एका वॉर्डातून शेजारच्या सुरक्षित वॉर्डात खाटेसकट सरकवायचं असतं. तो शेजारचा वॉर्ड सुरक्षित आहे की नाही, हे मधली भिंत ठरवते.

हरिपूरच्या लोकांना पेवाचं उदाहरण दिलं की लगेच पटतं. जमिनीखालच्या पेवात हळद वर्षानुवर्षं टिकायची ती तोंड नीट लिंपलेलं असायचं म्हणून. लिंपण एका जागी फुटलं की बाकीचं पेव कितीही चांगलं असो, माल गेलाच. आगीच्या भिंतीचंही तसंच आहे.

९ डिसेंबर २०११ रोजी कोलकात्याच्या आमरी हॉस्पिटलात पहाटे तळघरात आग लागली. ज्वाला वरच्या मजल्यांवर फारशा पोचल्या नाहीत, पण धूर शाफ्टमधून आणि एसीच्या डक्टमधून वर गेला. सुमारे ९० माणसं दगावली, बहुतेक जण गुदमरून. आपल्या कामात ज्वालेपेक्षा धुराचा विचार आधी करायचा तो यासाठी.

राष्ट्रीय इमारत संहिता २०१६ च्या भाग ४ मध्ये जिने, लिफ्ट आणि सर्व्हिस शाफ्ट यांच्या भिंतींना साधारणपणे १२० मिनिटांचं रेटिंग सांगितलं आहे. हा आकडा भट्टीतल्या चाचणीतून येतो. चाचणीत तासाभरात तापमान ९४५ अंश सेल्सिअसला नेतात आणि दोन तासांनी ते १०५० अंशांच्या जवळ जातं. तेवढा वेळ ज्वाला आणि गरम वायू पलीकडे जाता कामा नयेत, आणि मागची बाजू इतकी तापता कामा नये की तिला टेकलेला कागद किंवा पडदा पेट घेईल. नऊ इंची विटांची, गिलावा केलेली भिंत हे सहज सोसते. तिच्यातलं चार इंची उघडं भोक पहिल्या मिनिटापासून धूर सोडतं.

नकाशा आणि पिशवी

पहिल्या दिवशी शिडीला हात लावू नका. इमारतीचा मंजूर फायर प्लॅन मागून घ्या, त्याची झेरॉक्स काढा आणि ज्या भिंतींना रेटिंग आहे त्यांवर लाल पेनाने जाड रेघ ओढा. जुन्या इमारतींत हा प्लॅन बरेचदा सापडत नाही. मग स्वतः फिरून हाताने काढा. जिने, लिफ्टचा खड्डा, इलेक्ट्रिक आणि प्लंबिंगचे शाफ्ट, मीटर रूम, जनरेटर, स्वयंपाकघर, रेकॉर्ड रूम, ऑक्सिजनची मॅनिफोल्ड रूम (जिथे सिलिंडर एकत्र जोडलेले असतात), ऑपरेशन थिएटर, या सगळ्यांभोवतीची भिंत लाल. मजल्यामजल्यातला स्लॅब हाही अडथळाच आहे, हे नवखी माणसं हमखास विसरतात, कारण नकाशात स्लॅब दिसत नाही.

पिशवीत चांगली बॅटरी, मेजरिंग टेप, दाढीच्या आरशासारखा छोटा आरसा, खडू, नंबरचे स्टिकर आणि फिलर गेज ठेवा. फिलर गेज, म्हणजे फट मोजायच्या पातळ पत्र्यांचा जुडगा, कुपवाड एमआयडीसीतल्या कुठल्याही फिटरकडे मिळेल. मोबाइलला जोडायचा वायरसारखा कॅमेरा असेल तर फार उपयोगी पडतो. उदबत्तीचा पुडाही ठेवा, तिचं काम पुढे येईल.

सोबत इमारतीचा वायरमन हवाच. इलेक्ट्रिक शाफ्टमध्ये हात घालायचा नाही, नुसतं बघायचं. जुन्या सिमेंटच्या पत्र्यात ॲस्बेस्टॉस असू शकतं, तो फोडायचा किंवा घासायचा नाही. हॉस्पिटलात टाइल उचलायच्या आधी इन्फेक्शन कंट्रोलच्या सिस्टरांना विचारा. छतावरची धूळ ओटीत किंवा आयसीयूत पडली तर रुग्णाला त्रास होईल.

वायरीच्या मागे

आता कामाला लागा. इमारतीच्या माणसांना एकच प्रश्न विचारा: गेल्या दोन-तीन वर्षांत काय काय नवीन बसवलं? उत्तरं ठरलेली असतात. सीसीटीव्ही, इंटरनेटची फायबर, स्प्लिट एसी, गच्चीवरचं सोलर, आरओचा पाइप, कोविडच्या काळात घाईघाईत टाकलेली ऑक्सिजनची तांब्याची लाइन. यातल्या प्रत्येकासाठी कुणीतरी भिंतीत भोक पाडलेलं आहे. सोलरची केबल गच्चीपासून मीटर रूमपर्यंत उतरते, म्हणजे पाच मजल्यांच्या इमारतीत निदान पाच स्लॅब तिने ओलांडले. एक टोक धरा आणि दुसऱ्या टोकापर्यंत जा. जिथे ती तुमच्या लाल रेघेला छेदते, तिथे थांबा, टाइल उचला, बघा.

टाइल उचलल्यावर भोकाच्याही आधी एक गोष्ट पाहायची: भिंत वर स्लॅबला टेकली आहे का? जिप्सम बोर्डाच्या पार्टिशन कितीतरी ठिकाणी फॉल सीलिंगच्या उंचीलाच थांबलेल्या असतात. खालून भिंत पूर्ण वाटते, वर तीन फूट उघडं मैदान असतं. अशा भिंतीतली भोकं मोजण्यात अर्थ नाही. आधी ती भिंत वर न्यावी लागेल, असं अहवालात पहिल्या ओळीत लिहा. भिंत स्लॅबपर्यंत गेली असेल तर तिच्या माथ्याची फट पाहा. स्लॅब थोडा हलतो, म्हणून ही फट लवचिक अग्निरोधक सिलंटने भरलेली हवी. सिमेंटने भरली असेल तर तिथे केसासारखी चीर दिसेलच.

भोकात काय भरलंय

या कामाचा गाभा इथे आहे, म्हणून इथे घाई करू नका.

उघडं भोक ओळखायला सोपं असतं. फसवतं ते भरलेलं भोक. सगळ्यात जास्त सापडतो तो पिवळट, फुगलेला पीयू (पॉलियुरेथेन) फोम. वायरमन डब्याची नळी लावतो, फस्स करून मारतो, वरचा भाग ब्लेडने कापतो, काम झालं. दिसायला भोक बंद, पण साधा पीयू फोम स्वतःच जळतो आणि जळताना विषारी धूर सोडतो. अग्निरोधक म्हणून विकला जाणारा फोम बहुतेकदा गुलाबी किंवा लाल असतो, पण तोही ठरावीक रुंदीच्या आणि खोलीच्या फटीपुरताच तपासलेला असतो. ताटाएवढ्या भोकात तो चालत नाही. डबा कुठला वापरला ते विचारा. डबा किंवा बिल दाखवता आलं नाही तर ते भोक नापास धरा. जागेवर काडी लावून फोम जळतो का बघणारे लोक मी पाहिले आहेत. तसं कधीच करू नका.

दुसरं, पीओपी आणि सिमेंट. एकट्या लोखंडी पाइपाभोवती सिमेंटचा मसाला नीट दाबून भरला असेल तर तो बऱ्यापैकी टिकतो. केबलच्या जुडग्यात मात्र दोन केबलींच्या मधल्या पोकळ्या तशाच राहतात. आरसा धरून आत बॅटरी मारली की पलीकडचा उजेड ठिपक्यांसारखा दिसतो. शिवाय पुढच्या वेळी नवी केबल टाकायला तो मसाला छिन्नीने फोडतात आणि तसाच सोडून जातात.

तिसरं, लाल सिलंट. लाल रंग दिसला की तपासणारा टिक मारून पुढे जातो. रंगावर जाऊ नका. फायरस्टॉप, म्हणजे भोकातून आग-धूर अडवणारा बंदोबस्त, ही एक पूर्ण जोडणी असते: भिंत कसली, पाइप कसला, फट किती, मागे मिनरल वूल (न जळणारी खनिज लोकर) किती दाबून भरलं आणि त्यावर सिलंटचा थर किती जाड, हे सगळं चाचणीत होतं तसंच जागेवर असायला हवं. बोटाने दाबून बघा. मागे पोकळ लागलं तर वूल भरलेलंच नाही, वरवर नुसता लेप दिलाय. भिंतीच्या दोन्ही बाजूंनी पाहा. एका बाजूला सुबक काम आणि दुसऱ्या बाजूला उघडं भोक, हा प्रकार फार आढळतो, कारण दुसरी बाजू अडचणीत असते.

प्लास्टिकच्या पाइपांसाठी वेगळी नजर लागते. पीव्हीसी, यूपीव्हीसी, सीपीव्हीसी, यांतला कुठलाही पाइप आगीत मऊ पडून वितळतो आणि त्याच्या मापाचं भोक मोकळं होतं. भोवतीचं सिलंट कितीही चांगलं असलं तरी मधून वाट झाली. अशा पाइपाला फायर कॉलर लागते. पत्र्याच्या कड्यात उष्णतेने फुगणारा पदार्थ असतो, तो फुगून वितळणाऱ्या पाइपाचा गळा आवळतो. स्लॅबमध्ये कॉलर खालच्या बाजूने हवी, भिंतीत दोन्ही बाजूंनी. ती स्क्रूने काँक्रीटला पक्की आहे का, हलवून बघा. एसीच्या तांब्याच्या पाइपावरचं काळं रबरही असंच जळून जातं आणि कडेने फट सोडतं. तिथेही फुगणारी पट्टी गुंडाळलेली हवी.

शाफ्ट

प्रत्येक मजल्यावरचं इलेक्ट्रिक शाफ्टचं दार उघडून पायाशी बॅटरी मारा. खालचा मजला दिसला की संपलं, तो शाफ्ट म्हणजे धुराड्यासारखं काम करणार. प्रत्येक स्लॅबच्या पातळीवर केबलभोवतीची जागा बंद हवी आणि तो बंदोबस्त १२० मिनिटांचा हवा. दार बंद ठेवून त्याच्या खालच्या फटीशी पेटलेली उदबत्ती धरा. धुराची रेघ आत ओढली गेली तर वर कुठेतरी वाट मोकळी आहे. ऑक्सिजनची लाइन, मॅनिफोल्ड रूम, वॉर्ड, गॅसचा बॅंक, डिझेल, यांच्या आसपास उदबत्ती अजिबात नको. तिथे टिश्यू पेपरची बारीक पट्टी धरली तरी तेच कळतं.

शाफ्टमध्ये झाडू, रद्दी, जुन्या फायली, रंगाचे डबे ठेवलेले असतील तर अहवालाची वाट न बघता त्याच दिवशी काढायला लावा.

दारं

दार हा एकच अडथळा असा आहे की तो दिवसातून शंभरदा हलतो, म्हणून तोच लवकर खराब होतो. माझी पद्धत सांगतो. दार पूर्ण उघडून सोडा. मग अर्धं उघडून सोडा. मग फक्त चार बोटं उघडून सोडा. तिन्ही वेळा दार आपोआप बंद होऊन लॅच बसली पाहिजे. बहुतेक दारं तिसऱ्या वेळेला हरतात, कारण क्लोजरचं तेल गळून त्याची ताकद संपलेली असते किंवा लॅचची पट्टी चौकटीला घासत असते.

बंद दाराच्या बाजूच्या आणि वरच्या फटीत फिलर गेज घाला. ३ मिलिमीटरच्या आसपास ठीक. वरच्या कोपऱ्यात ५-६ आली तर बिजागऱ्या ढिल्या होऊन दार लोंबलंय. चौकटीच्या खाचेत बसवलेली फुगणारी पट्टी सलग आहे का ते बोट फिरवून बघा. रंगाऱ्यांनी तिच्यावर ऑइल पेंटचे थर चढवलेले असतात किंवा ती निघाली म्हणून कुणी तरी ओढून टाकलेली असते. काच बदलली असेल तर शिक्का शोधा. साधी काच काही मिनिटांत तडकून खाली येते. दाराच्या कडेला बनवणाऱ्याची रेटिंगची पट्टी हवी. दाराला नंतर पाडलेली भोकं, जास्तीचं कुलूप, कडी, नावाच्या पाटीचे आरपार स्क्रू, हे सगळं लिहून घ्या.

आणि दाराखालचं पाचर. विटेचा तुकडा, घडी केलेला पुठ्ठा, कधी चक्क फायरचा सिलिंडरच दार अडवायला लावलेला असतो. माणसं असं करतात त्याला कारण असतं: ट्रॉली ढकलताना दार आड येतं, पॅसेजमध्ये वारा येत नाही. रागावून उपयोग होत नाही, दुसऱ्या दिवशी वीट परत येते. जिथे ये-जा सतत आहे तिथे अलार्म वाजला की आपोआप सुटणारं मॅग्नेटिक होल्डर बसवायची शिफारस करा. मी सुचवलेल्या दुरुस्त्यांत सगळ्यात जास्त टिकलेली ही आहे.

डक्ट आणि डॅम्पर

एसीचा डक्ट लाल रेघ ओलांडतो तिथे भिंतीतच डॅम्पर हवा, भिंतीपासून दोन फुटांवर नाही. साध्या डॅम्परमध्ये साधारण ७० अंशांना वितळणारी कडी असते, ती तुटली की पाती पडतात. जवळ हात जाईल एवढं झाकण नसेल तर तो डॅम्पर आजवर कुणी तपासलेलाच नाही असं समजा. अमेरिकेच्या एनएफपीए ८० या मानकात फायर डोअरची तपासणी दरवर्षी सांगितली आहे. डॅम्पर बसवल्यावर वर्षभराने आणि मग दर ४ वर्षांनी, हॉस्पिटलात दर ६ वर्षांनी पाहायचे. पाती पडतात का ते एसीवाल्याकडून प्रत्यक्ष पाडून बघा, पंखा बंद ठेवून.

पुरानंतरची इमारत

हा भाग आपल्याकडे वेगळा आहे. ऑगस्ट २०१९ मध्ये सांगलीच्या आयर्विन पुलापाशी कृष्णा ५७ फुटांवर गेली, धोक्याची पातळी ४५ असताना. २०२१ च्या जुलैमध्ये पुन्हा पाणी आलं. त्यानंतर नदीकाठच्या भागात लोकांनी शहाणपणाने मीटर, पॅनेल, जनरेटर वरच्या मजल्यावर नेले. पण त्यासाठी स्लॅबमध्ये कोअर कटिंग करून, म्हणजे मशीनने गोल भोक पाडून, जाड केबली वर नेल्या, आणि जुन्या जागेची भोकं तशीच राहिली. म्हणजे एका पुराने इमारतीत भोकांचा दुहेरी संच तयार झाला. पाणी शिरलेल्या इमारतीत तळमजल्याच्या जुन्या मीटर रूमचं छत सगळ्यात आधी बघा.

पाण्यात बुडालेली फायर डोअरही बाहेरून रंगवली की चांगली दिसतात. खालच्या कडेला स्क्रूड्रायव्हर टेकवून दाबा. पत्रा पापडासारखा दबला तर आतून गंजलाय, आणि आतलं भरण ओलं होऊन खाली बसलेलं असणार. असं दार बदलावं लागतं. जिप्सम बोर्ड आगीत टिकतो तो त्याच्या स्फटिकात बांधलेल्या पाण्यामुळे, पण पुरात भिजून सुटलेला, फुगलेला बोर्ड तसा टिकत नाही. जमिनीपासून पाण्याची रेघ जिथवर गेली होती तिथवर टकटक करून बघा, आवाज बदलतो.

सांगली-तासगाव भागात बेदाण्याचं कोल्ड स्टोरेज तपासायला गेलात तर एक लक्षात ठेवा: पीयूएफ पॅनेलची भिंत जाड दिसते, पण तिच्या पोटात जळणारा फोम आहे. रेटिंगचा कागद नसेल तर तिला आगीची भिंत धरू नका, आणि तिच्यातून जाणारी प्रत्येक केबल धातूच्या स्लीव्हमधून गेली आहे का ते पाहा.

नोंद आणि दुरुस्ती

सापडलेल्या प्रत्येक दोषाला एक नंबर द्या, तोच नंबर स्टिकरवर, नकाशावर आणि फोटोत. फोटो दोन काढा, एक लांबून जागा कळेल असा, एक जवळून टेप धरून. नुसतं ‘भोक आहे’ लिहू नका. ‘दुसरा मजला, जिना क्रमांक १, पूर्वेची भिंत, सीलिंगच्या वर ४०० मिमी, भोक २०० बाय १५०, आत ३ केबल आणि पीयू फोम’ असं लिहा, म्हणजे दुरुस्ती करणारा तुम्हाला फोन न करता तिथे पोचेल. जिना, शाफ्ट आणि आयसीयूला लागून असलेले दोष पहिल्या यादीत, बाकीचे दुसऱ्या.

ही तपासणी कायद्याच्या कागदाला पर्याय नाही. महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीव संरक्षक उपाययोजना अधिनियम, २००६ नुसार जबाबदारी मालकाची किंवा भोगवटादाराची आहे, आणि परवानाधारक एजन्सीकडून दरवर्षी जानेवारी आणि जुलैत ‘ब’ नमुन्यातलं प्रमाणपत्र घ्यावं लागतं. तुमची यादी त्या एजन्सीच्या हातात द्या. त्यांची माणसं आली की शिडी घेऊन त्यांच्याबरोबर वर जा.

दुरुस्ती झाल्यावर टाइल बसवायच्या आधी स्वतः पाहा, दोन्ही बाजूंनी. भरलेल्या भोकाशेजारी तारीख, माल आणि करणाऱ्याचं नाव लिहिलेलं लेबल लावा. आणि गेटवरच्या वॉचमनकडे एक वही ठेवा: ड्रिल मशीन घेऊन आत येणाऱ्या प्रत्येकाने कुठल्या मजल्यावर, कुठल्या भिंतीत भोक पाडणार ते लिहायचं, आणि जाताना ते बुजवल्याचा फोटो दाखवूनच मशीन बाहेर न्यायचं. त्या मिरजेच्या हॉस्पिटलात आता ही वही आहे. निळ्या वायरीभोवतीचं भोक बुजवल्यावर मी पुन्हा त्याच शिडीवर चढलो आणि पलीकडच्या सिस्टरांना मोठ्याने बोलायला सांगितलं. काही ऐकू आलं नाही.